वरातीआधी टपाची घडी

पत्र :
नमस्कार मामा. निपाणीहून लिहितोय. आजोबांची 1928 ची शेवरोलेट टूरर (वर कापडी टप असलेली उघडी गाडी) आमच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत उभी आहे. गेल्या वर्षी इंजिन चालू करून घेतलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे आणि टप खाली करून याच गाडीतून कार्यालयापर्यंत जायची तिची हौस आहे. परवा मी एकटाच टप खाली करायला गेलो. निम्म्यात कुठंतरी ‘कट्ट’ असा आवाज झाला, डावीकडचं कापड लोखंडी सांध्यात अडकलं आणि रुपयाएवढं भोक पडलं. तेव्हापासून आण्णा, म्हणजे माझे थोरले काका, गाडीला हात लावू देत नाहीत. कुशनवाला म्हणतो, जुनं सगळं फाडून रेक्झिन मारू, दोन दिवसांत देतो. आई म्हणते, टपाच्या घडीत तंबाखूच्या काड्या ठेवा, कसर लागत नाही. टप बांधायचे चामडी पट्टेही सापडत नाहीत. फोटो सोबत जोडलाय. काय करू?
– एक निपाणीकर

राम राम.

पहिलं सांगा, टप आत्ता कसा आहे? अर्ध्यावर लोंबत असेल तर वाचणं थांबवा, घरातल्या एकाला हाताशी घ्या, टप पुन्हा पूर्ण वर करा आणि पुढच्या काचेच्या चौकटीला पकडी लावून टाका. अर्ध्यावर राहिलेल्या टपाचा सगळा भार सांध्यांवर येतो, आणि त्यातला एक सांधा तुम्ही आधीच दुखावून ठेवलाय.

आता तो ‘कट्ट’. तुमच्या फोटोत टपाच्या चार कमानी दिसतात. (गॅरेजात कमान म्हटलं की लोक चाकावरचे पाटे समजतात. मी टपाखालच्या वाकवलेल्या आडव्या दांड्यांबद्दल बोलतोय.) त्या काळच्या अमेरिकन टूररमध्ये कमानीला बाजूला लोखंडी नळी असते आणि डोक्यावरून जातं ते लाकूड. लाकडाचं टोक नळीत बसवून स्क्रूनं धरलेलं असतं. कमान मोडते ती बहुतेक तिथंच. स्क्रूचं भोक, भोकात गंज, गंजानं काळं पडलेलं लाकूड, आणि वर तुमच्यासारख्या तरण्याबांड माणसाचा एक हिसका. टप वर असताना आत बसा, हातात टॉर्च घ्या आणि चार कमानींची आठही टोकं बोटांनी चाचपा. अंगठ्याचं नख रुतलं तर लाकूड गेलंय. नळीच्या तोंडाशी पिवळट पिठी सांडलेली दिसली तर आत किडा आहे. कमान धरून अलगद हलवा. लाकूड नळीत खुळखुळलं तर तुमचा आवाज तिथला होता असं समजा.

लाकूड गेलं असेल तर सुताराकडे जाताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. बरेच सुतार रुंद फळीवर कमानीचा आकार आखतात आणि करवतीनं कापून देतात. दिसायला झकास, पण वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटलेल्या असतात, आणि पहिल्याच खड्ड्याला ती कमान वळणावर मोडते. रेषा वळणाबरोबर वळल्या पाहिजेत. त्यासाठी लाकूड वाफेवर वाकवा, नाहीतर पातळ पट्ट्या एकमेकींवर सरसानं चिकटवून साच्यात दाबून बसवा. दुसरी तऱ्हा आपल्याकडचा कुठलाही चांगला सुतार करू शकतो. मात्र सरस पाण्याला न सुटणारा घ्यायला सांगा.

लाकूड शाबूत असेल तर आवाज गंजाचा. वर्षानुवर्षं न हललेला रिव्हेट पहिल्यांदा सुटतो तेव्हा असाच बोलतो. प्रत्येक सांध्यात एक-एक थेंब तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. खाली चिंधी धरा, कारण टपाच्या कापडात रबर आहे आणि रबराला तेल म्हणजे विष.

कापडाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण कुशनवाल्याला काय उत्तर द्यायचं ते त्यावर ठरेल. फोटोत फाटक्या कडेला दोन पदर दिसतात, मधे काळा थर. म्हणजे हे रबर भरलेलं दुपदरी कापड आहे, दोन कापडांच्या मधे रबर. त्या काळी टूररच्या टपाला हे सर्रास वापरत. एक साधी परीक्षा करा. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, उन्हात तापलेलं कापड दोन बोटांत धरून हलकेच दुमडा. नुसती वळी पडली आणि सोडल्यावर गेली तर कापडात जीव आहे. दुमडताना करकर आवाज आला, भेगा दिसल्या किंवा काळी पूड झडली तर रबर मेलंय. असा टप वर ताणलेला राहील, उन्हापासून सावली देईल, पण त्याची घडी घालू नका. घडी घातलीत तर चार ठिकाणी उभा चिरेल आणि बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मागं चिंध्या लोंबताना दिसतील.

जीव असेल तर ते रुपयाएवढं भोक हा काही मोठा आजार नाही. पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावतो तसंच करायचं, फक्त आतल्या बाजूनं. तशाच कापडाचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा (चौकोनी कोपरा नेहमी आधी सुटतो), दोन्हीकडे रबराचं सोल्यूशन पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. वर सपाट फळी, फळीवर पाण्यानं भरलेली घागर, रात्रभर. सुई मारू नका. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला उघडं दार.

आणि कापड मेलं असेल तर नवा टप, पण दोन दिवसांत रेक्झिनचा नको. आपण बाजारात रेक्झिन म्हणतो ते आता बहुतेक पीव्हीसीचं असतं. सीटला ठीक आहे. टपाला लावलं की डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या थंडीत, ते कडक होतं आणि घडीच्या रेषेवरच फुटतं. शिवाय ते श्वास घेत नाही, आतली ओल आतच राहते. दुपदरी रबरी कापड मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर दाट विणीचं सुती कॅनव्हास. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. मात्र कॅनव्हास नंतर आखडतं, म्हणून शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवून घ्यायला सांगा. कमानींवरून पुढून मागे जाणाऱ्या नवारीच्या पट्ट्या आधी नव्या घाला. कमानी एकमेकींपासून योग्य अंतरावर राहतात त्या या पट्ट्यांमुळे, आणि घाईत असलेला कारागीर नेमका हाच खर्च वाचवतो. जुनं कापड फेकू नका, मापाला तेच लागतं. या कामाला पंधरा दिवस धरा. कुणी दोन दिवस म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

आता टप खाली कसा करायचा. हे काम दोघांचं आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि दोघांतला एकच बोलणार. दोघं बोलायला लागले की टप तिरका होतो आणि एका बाजूचा सांधा आधी दुमडतो. तुमच्या डाव्या कापडाचं तेच झालं.

टप कोरडा हवा. आणि सकाळच्या गारव्यात नको, दहा-अकराच्या उन्हात तास-दीड तास गाडी उभी करून मगच. बाजूचे पडदे आधी काढा. त्यांच्या बटणांत एक गंमत असते. काही बटणांच्या टोपीवर एका बाजूला बारीक ठिपका असतो, ती त्याच बाजूनं उचलली की सुटतात. दुसरीकडून ओढलीत तर बटण जागेवर राहतं आणि कापडाचा तुकडा हातात येतो. फिरकीची असतील तर फिरकी पडद्याच्या भोकाशी समांतर करून मग पडदा काढायचा. साध्या टिचबटणांना मात्र कापड न ओढता बटणाच्या अगदी बुडाशी बोट घालून उचला.

मग मागचा पडदा. त्यात छोटी काच असेल तर पडदा खालून सोडवून वर गुंडाळा, काचेवर घडी येऊ देऊ नका. हे झाल्यावर पुढच्या पकडी, दोन्हीकडच्या थोड्या-थोड्या करून सैल. एक पूर्ण सोडून मग दुसरीकडे जाल तर सगळा ताण तिरका येईल.

पकडी सुटल्या की दोघांनी पुढची कमान आधी वर उचलायची आणि मग मागे न्यायची. एकटा माणूस नेहमी नुसती मागे ढकलतो. कमान वर उचलली की सांध्यावरचा भार जातो आणि तो आपणहून दुमडतो. कमान मागे येत असताना दोन कमानींच्या मधलं कापड खाली ओघळू लागतं, तिथं मोकळ्या हातानं ते बाहेर, मागच्या बाजूला ओढून घ्यायचं. इस्त्रीवाला धोतराची घडी घालताना तळहातानं कापड सरळ करत जातो, तसंच. लोखंडी सांध्याच्या कात्रीत बोट आणि कापड दोन्ही जाऊ द्यायचं नाही. एक कमान दुसरीला मिळाली की थांबा, कापड बघा, मग पुढची.

सगळ्या कमानी मागच्या दोन आधारांवर बसल्या की कमानींमधे चामड्याचे किंवा रबराचे ठोकळे घाला आणि पट्ट्यांनी आवळा. बरेच लोक टप खाली गेला की काम झालं समजतात. न बांधलेला टप प्रत्येक खड्ड्याला आधारावर आपटतो, आणि कमानी जितक्या खाली करताना मोडतात त्याहून जास्त अशा आपटून मोडतात. निपाणीच्या गल्ल्यांत गतिरोधक किती आहेत ते तुम्ही मोजा. वरून धुळीची खोळ असेल तर घाला. नसेल तर स्वच्छ जाड चादर, पण तीही बांधून.

शिकताना माझ्या हातून काय झालं तेही सांगतो. 1974 ची गोष्ट. बेळगावच्या शहापुरात एका कुशनच्या दुकानात उमेदवारी करत होतो. कॅम्पातल्या एका डॉक्टरांची मॉरिस एट टूरर आली होती, सीटच्या कामाला. जानेवारीची सकाळ. उस्तादांनी सांगितलं होतं, ऊन येऊ दे. मला तेवढा दम कुठला! टप खाली घ्यायला लागलो, मागच्या पडद्यातली खिडकी सेल्युलॉइडची होती, पिवळी पडलेली, तिच्यावरच घडी बसली. कर्र करून वरपासून खालपर्यंत चीर. उस्ताद खानापूरकडचे, एका वाक्यात कानडी, मराठी आणि उर्दू तिन्ही. आतून आवाज आला, “काय करूलालास रे?” बाहेर येऊन चीर बघितली, एवढंच म्हणाले, “निधान.” कानडीत निधान म्हणजे सावकाश. मला तेव्हा मराठी अर्थच ठाऊक, निधान म्हणजे ठेवा. मला वाटलं, म्हातारा डॉक्टरांच्या ठेव्याबद्दल हळहळतोय. पगारातून सहा महिने खिडकीचे पैसे कापले गेले.

तुमच्या पडद्यांत जुनं सेल्युलॉइड शिल्लक असेल तर त्याच्याजवळ उदबत्ती, बिडी, फटाके काहीच नको. सेल्युलॉइड भसकन पेटतं. वरातीच्या दिवशी असले पडदे घरीच ठेवा. नव्या पारदर्शक प्लास्टिकचे असतील तर मधे मऊ फडकं घालून सपाट ठेवा, आणि कोरड्या फडक्यानं कधी पुसू नका. आधी पाणी ओतायचं, धूळ वाहू द्यायची, मग पुसायचं.

टप वर घेणं उलट्या क्रमानं, पण एक फरक आहे. पुढच्या पकडी दोन्हीकडे आधी नुसत्या अडकवा, मग आलटून पालटून आवळा. कापड आखडून चौकटीपर्यंत पोचत नसेल तर ओढाताण नको. अडकेल तितकं अडकवून उन्हात सोडा, तासाभरानं ते आपणहून अंगठाभर पुढं येतं.

हे वर घेणं तुम्ही खाली घेण्यापेक्षा जास्त वेळा घोटून ठेवा. लग्न मेमधे आहे. आपल्याकडे मेमधे सकाळी निरभ्र आणि दुपारी चारला वळीव, हे काय तुम्हाला सांगायचं? शालू नेसलेली नवरी उघड्या गाडीत आणि समोर काळं आभाळ, अशा वेळी बटणं शोधत बसलात तर बहीण जन्मभर ऐकवेल. दोघांनी घड्याळ लावून सराव करा. माझं विचाराल तर घरापासून मंडईपर्यंत टप वर ठेवून जा, आणि कार्यालयाच्या अलीकडं गाडी सावलीत थांबवून टप खाली घ्या. फोटो तेवढेच येतात.

जाता जाता एक कागदपत्रांचं. गाडीची नोंदणी व्हिंटेज म्हणून करून घेतली असेल (50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळे नियम आहेत), तर ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. वरात त्यात बसते का, हे आरटीओत आधीच विचारून घ्या.

आईंना नमस्कार सांगा, पण तंबाखूच्या काड्या नकोत. तंबाखू हवेतली ओल कशी पिते हे निपाणीच्या वखारवाल्यांना मी काय शिकवणार? ओल धरलेली काडी कापडाला डाग देते आणि तिथंच बुरशी धरते. डांबराच्या गोळ्याही कापडाला टेकवून ठेवू नका. आणि मुळात घडी घातलेला टप ठेवून द्यायचाच नाही. टपाची विश्रांती वर, ताणलेल्या अवस्थेत. लग्न झालं की त्याच संध्याकाळी, कितीही दमला असाल तरी, टप वर. खाली ठेवलेला टप महिन्याभरात घडीत आखडतो, आणि वखारीतल्या उंदराला याहून छान घर कुठं मिळणार?

भिजला तर वर ठेवूनच वाळवा, सावलीत, वारा लागेल असा. जून ते सप्टेंबर गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, खालून घाम सुटतो. आईच्या दोन जुन्या सुती साड्या जोडून टाका. पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप मिळेल तेव्हा, वखारीची दारं उघडून हवा खेळू द्या. बुरशी आलीच तर गाडी उन्हात घ्या, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मग कोमट पाण्यात थोडा शॅम्पू घालून धुवा आणि भरपूर पाण्यानं काढा. ब्लीच घातलंत तर शिवणीचा दोरा कुजतो. रॉकेल, पेट्रोल तर अजिबात नको, रबर विरघळतं. खोबरेल तेल चोळणारेही मी बघितलेत. दोन दिवस टप नवरदेवासारखा चमकतो, तिसऱ्या दिवशी अख्ख्या पीबी रोडची (पुणे-बेंगळुरू रस्त्याची) धूळ त्यावर बसते.

राहिले आण्णा. मला वाटतं, त्यांचा राग भोकाचा नाही, तुम्ही एकट्यानं हात घातल्याचा आहे. हा टप खाली-वर होताना त्यांनी लहानपणी बघितला असणार, कदाचित उजव्या बाजूचा माणूस तेच असतील. परवानगी मागू नका. म्हणा, “आण्णा, दुसरी बाजू धरायला माणूस पायजे. तुम्ही सांगायचं, मी करायचं.” तुमच्या दोघांतला बोलणारा माणूस तेच असू देत. आणि ते हरवलेले पट्टेही त्यांनाच विचारा. गाडीला हात लावू न देणाऱ्या माणसाच्या कपाटात असल्या वस्तू हमखास सापडतात.

नाहीच सापडले तर चांभाराकडून इंचभर रुंदीचे चामडी पट्टे करून घ्या. बक्कल पितळी, म्हणजे गंजाचा डाग कापडावर उतरत नाही. आणि पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घ्या. नवं कापड लावलंत तर पहिल्या वर्षी घडी जाड होते.